आधी वारं

रात्री अडीचला सावद्यात पस्तीस असतं,
त्यालाच आम्ही गार म्हणतो.
चेंबर तीनमध्ये नऊशे खोके केळी पिकायला लावलीत,
बाहेरच्या केबिनमध्ये मी, जुना संगणक,
भुसावळच्या भंगारातून आणलेली जॉयस्टिक,
आणि स्क्रीनवर जळगावची धावपट्टी,
जिच्याजवळ मी खरोखरचा कधी गेलो नाही.

बॅटरी. पंप. स्टार्टर.
पंखा वळायला लागतो आणि मला घाई होते.
टर्बाइन बारा टक्क्यांवर यायच्या आत
मी इंधनाची दांडी पुढे ढकलतो,
आणि आयटीटीचा काटा उठतो
चुलीत रॉकेल ओतल्यासारखा :
सातशे, नऊशे, हजार, लाल रेघ,
रेघेच्याही वर.
धूर नाही, वास नाही.
इंजिन मरतं ते अगदी सभ्यपणे,
शेजाऱ्याला कळू न देता.

मालाच्या रजिस्टरात मागच्या पानांवर
मी मेलेली इंजिनं लिहितो.
सात तारीख. बॅटरी उतरलेली, स्टार्टर दमला, जळालं.
नऊ. पंधरा टक्के होईतो हात मांडीखाली दाबून बसलो. वाचलं.
अकरा. चालू झालं झकास,
पण सातपुड्याकडे चढताना काटा
सातशेचाळीस, सातशेसत्तर, आठशे,
टॉर्क कमी आणि ताप जास्त,
कारण :
पुढे जागा कोरी.

हवामान मी खरं लावून ठेवतो,
त्यामुळे खोट्या विमानालाही
रावेर तालुक्यातला खरा मे महिना भोवतो.
एकदा कारण म्हणून तेच लिहिलं, मग खोडलं.
उकाड्यावर आमच्याकडे काहीही ढकलता येतं.

आज पालच्या डोंगरावर होतो, आठशेवर,
तेवढ्यात चेंबर तीनचा भोंगा.
विमान तिथंच हवेत थांबवून पळालो.
गरात टोचलेला थर्मामीटर एकवीस दाखवत होता,
हवेत अठरा.
केळ घडावरून उतरवलं तरी श्वास घेत राहतं
आणि त्या श्वासाला ताप असतो,
हे मला पाठ आहे, मालकानं शिकवलंय.
मी एसी वाढवला. बावीस.
एसीला आईबहिणीवरून बोललो. बावीसच.

सुपडू तडवी झोपेतून उठून आला,
बॅटरी तोंडात धरून
दोन थप्प्यांच्या मध्ये हात घालायला गेला,
हात जाईना.
"मशीनले कायले शिव्या देतं?
खोके भिडेल हाये.
वारं जाईन कुठून?"

पाऊण तास आम्ही नऊशे खोके
चार-चार बोटं सरकवत होतो.
सुपडू मध्येच एका फटीला गाल लावून उभा राही,
लागलं वारं की पुढची थप्पी.
साडेचारला काटा एकोणिसावर आला.
तो पाणी प्यायला. मी पण.

परत आलो तर विमान अजून डोंगरावर,
पंख स्थिर, खाली अंधार, आठशे.
या वेळी मी तापाकडे पाहिलंच नाही.
वारं कुठे अडतंय ते पाहिलं.
खालच्या कोपऱ्यात एक बारकी दांडी,
जमिनीवरची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून
हवा वळवून देणारी.
ती उडाल्यावर मिटायची असते.
मी मिटली, ती उघडली.
मिटली, उघडली.
जॉयस्टिकचं सात नंबरचं बटण
दाबलेलंच राहिलं होतं, काळं, चिकट.
माझ्याच बोटांचा केळीचा चीक.

थिनरचा बोळा फिरवला, बटण टक करून वर आलं.
दांडी मिटली. टॉर्क चढला,
काटा सातशेतीसवर येऊन बसला
ओट्यावर म्हातारा बसतो तसा, हळू, पण बसला.

सुपडू मागे उभा.
"कुठं चाललं हे?"
"पाल."
"पालले तं बस जाते."
म्हणाला, आणि खुर्ची ओढून
पाल येईपर्यंत बसून राहिला.

रजिस्टरात कोऱ्या जागी लिहिलं : चीक.
घाई हेही एक कारण आहे,
पण त्या ओळीत ते मावेना.